बटणापाशी

मेकोसाबागेत, उत्पला बोकारे बाईंच्या घरी
मी गेलो होतो कूलरचा पंप बदलायले.
मे महिना. पारा पंचेचाळिसाच्या वर,
अन् कूलर असा घरघरे
जसा पोटात मिक्सर गिळून बसला.

हॉलमध्ये अठरा खुर्च्या, सतरा पाहुणे.
उरलेली बाईंनी मलेच देऊन टाकली.
म्हणे, भोजराजभाऊ, इथंच बसा, बटणापाशी.
गाणं सुरू झालं की बंद,
टाळ्या झाल्या की चालू.
तेवढंच काम. चहा भेटन.

गाणारे नोएल ग्रेशियस, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे,
अजनीच्या लोको शेडमधून रिटायर.
एवढ्या उन्हाळ्यात बी काळा कोट, अन् खिशात
लाल रुमाल, गार्डाच्या झेंडीएवढा.
पियानोवर एफी लाझरस मॅडम.
पियानोच्या दोन पट्ट्या मुक्या झालेल्या,
त्या आल्या की मॅडम तोंडानंच म्हणत: टुंग.

ही म्हणे जुनी इंग्रजी हसायची गाणी,
रेल्वेच्या क्लबात शनिवारी चालत.
साहेब गेले, वाफेचं इंजन गेलं,
गाणी राह्यली बिस्किटाच्या एका डब्यात.

मी बटण दाबलं.
खस टपटपला दोन-चारदा, अन् चुप.

पहिलं गाणं मिशीचं.
कर्नलची मिशी कर्नलले सोडून
एकटीच हवापालट करायले जाते, पत्र बी टाकत नाही.
हे मले बाईंच्या नातीनं मागून सांगितलं.
तेव्हा तं मी लोकांच्या मागं मागं हसलो,
अनोळखी पंगतीत जेवतो माणूस,
ताटातून नजर वर न करता, तसा.
बटण. वारा. घाम सुकला. बटण.

दुसरं सोफ्याचं.
एकानं सोफा घेतला, दारातून जाईना.
बस.
नोएलसाहेबांनी हवेतच उचलला त्याचा कोना,
कंबर मोडली, पाय आपटला, बोट चेमटलं,
अन् मले सगळं इंग्रजी समजू लागलं!
आता सांगा, एकवीस वर्षं झाली,
नागपूरच्या किती दारांत मी अडकलो कूलर घेऊन,
मालक आतून म्हणते डावीकडं, मालकीण म्हणते वर,
अन् लहान पोरगं मधातून निघून जाते.
सतरा माणसांच्या आधी हसलो मी.
हसलो, अन् तोंडून निघूनच गेलं,
"आडवा करा ना भाऊ!"

बाईंनी डोळे वटारले.
पण साहेबांनी मान लववली, जशी सिग्नलले,
अन् पुढच्या कडव्यात, त्याच चालीत,
गोऱ्या इंग्रजीच्या मधोमध गायलं,
आडवा कराऽऽ ना भाऊ.
मॅडम म्हणाल्या: टुंग.

मग शेवटचं कडवं.
सोफा दारात, माणूस सोफ्याखाली,
अन् नोएलसाहेब उभे. तोंड उघडं.
शब्द येऊन नाही राह्यले.
मॅडमनं तोच तुकडा पुन्हा वाजवला.
पुन्हा.
तिसऱ्यांदा वाजवताना त्यांनी पाह्यलं त्यांच्याकडं,
अन् मी पाह्यलं तो लाल रुमाल,
त्यांच्या मुठीत बारीक बारीक होत चाललेला.

मले वाटलं, संपलं.
खरं सांगतो, तेव्हा मले तसंच वाटलं.
मी बटण दाबलं.

घर्रर्र करून असा ओरडला कूलर,
नव्या पंपानं पहिली गुळणी टाकली
समोरच्या रांगेतल्या टकलावर,
की अख्खं घर हसलं, खुर्च्या हलल्या,
लोकांले वाटलं, हेच शेवटचं कडवं.
साहेबांनी रुमाल उघडला, हवेत फिरवला,
अन् गाडी सोडल्यासारखं वाकले.

चहा भेटला. सोबत चिवडा बी.
पंपाचे साडेतीनशे मी घेतले, काहून नाही घेऊ.
फाटकाशी स्कूटरले किक मारत होतो तं
साहेब आले हळूहळू, कोट हातावर.
मोडक्या हिंदीत म्हणे, अगले महिने फिर है.
तुम आना. वही जगह पर बजाना.

मी म्हटलं, साहेब, पुढच्या महिन्यात पाऊस लागन,
कूलर कोण लावते?

ते बराच वेळ फाटकाची कडी पाहत राह्यले.
मग म्हणे, तो पंखा देख लेना.